चढासाठी का उतारासाठी

इलियास मुजावर पान्याने पाठ खाजवत विचारतो,
"मॅडम, चढासाठी पाहिजे का उतारासाठी?"
पोवई नाक्यावरच्या त्याच्या दुकानात
सायकली छताला उलट्या टांगलेल्या,
आणि मी खाली, मान वर करून,
सिव्हिलमध्ये फिल्म उजेडाला धरते तशी
एकेक सांगाडा बघतेय.

"अजिंक्यताऱ्यावर चढल्याशिवाय उतरता येतं का?
तू काय अर्धाच डोंगर विकतोस?"

तो हसतो. आकड्याच्या काठीने दोन खाली काढतो.

एक निळी. हलकी. शॉक काय तो पुढेच,
मागून सरळ हाडासारखी कडक.
मागची चकती जेवायच्या ताटाएवढी, एक्कावन्न दात.
दुसरी मातकट हिरवी, अडीच किलोने जड,
मधोमध सांधा, मागेही शॉक,
पुढचं चाक असं लांब काढलेलं
की म्हशीने मान पुढे करून पाणी प्यावं.
निळीपेक्षा चाळीस हजार जास्त.
"ही चढताना शिव्या खाईल, उतरताना दुवा घेईल.
निळीचं उलट," इलियास म्हणतो,
"संध्याकाळी सहापर्यंत दोन्ही फिरवून आणा. आधार कार्ड ठेवा फक्त."

भिशीचे पैसे पर्समध्ये.
पर्स छातीशी.
छातीच्या वर, डाव्या हासळीत,
एक पट्टी आणि सहा स्क्रू.
जरंड्याच्या वाटेवर जुनी सायकल
एका साध्याशा दगडाला थांबली होती,
मी थांबले नव्हते.
मग माझ्याच खोलीत, माझ्याच मशिनपुढे
शिकाऊ पोरगी मला म्हणाली, "श्वास रोखा."
वीस वर्षं मी लोकांना हेच म्हणते
आणि कधी ऐकलं नव्हतं ते कसं ऐकू येतं.

निळी चढली. काय चढली!
शेवटच्या वळणावर दोन पँटवाले काका
मोबाईल खिशात घालून बघायला लागले.
टॉवरपाशी पोचले तेव्हा घाम यायचा होता अजून.
पण टॉवरच्या मागची ती पायवाट,
मुरूम, घाणेरीची झुडपं, मग एकदम
कमरेएवढी पायरी काळ्या दगडाची.
निळीने वाटेतला प्रत्येक खडा
दाढांपर्यंत आणून दिला.
पायरीपाशी उतरले. हातात धरून नेली.
एक कुत्रं होतं, त्याने पाहिलं.

हिरवीला चारला घेऊन निघाले.
चढावर शिव्या दिल्या, मोजून नाही दिल्या.
तेच काका आता बाकावर, शेंगा खात,
"दुसरी आणली का?" म्हणाले, उत्तराला श्वास नव्हता.
तीन वेळा पाय टेकले.
टॉवरपाशी आडवीच पडले गवतावर,
खाली शहर, पत्रे, टाक्या,
कुठेतरी आमचं हॉस्पिटल, आज सुट्टी असलेलं माझं टेबल.

मग पायवाट.
हँडलवरचं बटण दाबलं तर सीट खाली गेली,
गाडीत कुणी सरकून जागा द्यावी तशी, मुकाट.
ढुंगण मागे, कोपरं बाहेर,
दगड आला.
पुढचं चाक त्याच्या कडेवरून खाली बघत होतं
आणि मी चाकाकडे नाही, पलीकडच्या वळणाकडे बघत होते,
हे इलियासने सांगितलं नव्हतं,
हे कोणी सांगून होत नाही.

खाली आल्यावर, रस्त्याला लागल्यावर,
आठवलं: सोडायचा राहिलाय.
सोडला.

इलियासने घंटा फुकट देऊ केली. नको म्हटलं.
मडगार्ड मागितलं, त्याचे साडेतीनशे लावले लबाडाने.
पैसे मोजताना पट्टीच्या जागी थोडं दुखत होतं,
दोन्ही निर्णयांना दुखलं असतं.

घरी जाताना समर्थ मंदिरचा चढ.
पहिला गिअर, हिरवी अगदी आपल्या वजनाने डुलत,
शेजारून दप्तर पाठीला लावलेलं एक पोरगं
चालत माझ्या पुढे निघून गेलं,
वळून म्हणालं, "मावशी, पंक्चर आहे का?"